उंटाचं घर मी सांगितलं नाही

गेल्या वसंतात आमच्या बुद्धिबळ क्लबच्या अजिंक्यपदाच्या शेवटच्या डावात मी एका इंटरनॅशनल मास्टरला हरवलं. हे वाक्य खरं आहे. क्लबच्या चषकावर माझं नाव कोरलेलं आहे, पुण्यात दादाने ही बातमी त्याच्या सोसायटीच्या ग्रुपवर टाकलेली आहे, आणि इथे विलायतेत, बेसिंगस्टोकमध्ये, मला ओळखणारी निम्मी माणसं मला यामुळेच ओळखतात. तरी कोणी तो विषय काढला की मी दुसरीकडे बघायला लागतो. ज्यांना खरं सांगायला हवं त्यांना सांगायची मला बंदी आहे. म्हणून मराठीत लिहितोय. क्लबातलं कोणी हे वाचणार नाही, आणि हे मराठीत लिहिणंसुद्धा एक प्रकारे लपणंच आहे, हे मला कळतं.

मास्टर मूळचे स्वित्झर्लंडचे. वडील डोंगरातल्या गावांमधून टपालखात्याची पिवळी बस चालवायचे. बर्फाने रस्ता बंद झाला की ड्रायव्हर मंडळी शेवटच्या थांब्यासमोरच्या खाणावळीत अडकून पडायची आणि बुद्धिबळ खेळायची. मास्टर तिथे शिकले. पुढे देशाच्या ज्युनिअर स्पर्धेत पहिले आले, झुरिकला विमा कंपनीत अर्ध्या दिवसाची नोकरी धरली आणि उरलेला अर्धा दिवस पटाला दिला. राष्ट्रीय संघात तिसऱ्या पटावर खेळले. एकदा एका माजी जगज्जेत्याशी त्यांनी बरोबरी केली. तो डाव एका रशियन पुस्तकात छापून आला, पण त्यात मास्टरांचं नाव चुकीचं पडलं. "अमर झालो," ते म्हणायचे, "पण दुसऱ्याच कोणाच्या तरी नावाने."

इंटरनॅशनल मास्टर म्हणजे ग्रँडमास्टरच्या एक पायरी खाली. ती वरची पायरी चढायला तीन मोठ्या स्पर्धांमध्ये ठरावीक कामगिरी करावी लागायची. मास्टरांनी दोनदा केली. तिसरीत त्यांना अर्धा गुण कमी पडला. "मग पुन्हा प्रयत्न नाही केला?" मी विचारलं होतं. "केला ना. ती तिसरी स्पर्धा कायम पुढच्या महिन्यात असायची." मग ब्रिस्टलच्या एका स्पर्धेत चहा देणाऱ्या एका नर्सशी ओळख झाली, लग्न झालं, आणि तिच्या हॉस्पिटलच्या नोकरीपायी ते बेसिंगस्टोकला आले ते इथलेच झाले. शनिवार-रविवारच्या स्पर्धा, शाळांमधल्या शिकवण्या, गावच्या पेपरात ते पेपर बंद पडेपर्यंत बुद्धिबळाचं सदर. ही त्यांची पुढची कारकीर्द. त्यांची बायको वारली तेव्हा मी नुकताच क्लबात आलो होतो. त्यानंतर त्यांच्याकडे उरलं ते एकच: आमच्या संघाचा पहिला पट. संघातला सगळ्यात चांगला खेळाडू पहिल्या पटावर बसतो, आणि तिथे वर्षानुवर्षं तेच बसत होते.

त्यांनी गाडी चालवणं सोडलं तेव्हापासून बाहेरगावच्या सामन्यांना मी त्यांना नेऊ लागलो. वर सांगितलेलं सगळं मी त्या प्रवासांमध्ये ऐकलं. पन्नाशीच्या माणसाला नवा मित्र सहसा मिळत नाही. मला तो मिळाला होता, तोही शाळेत असताना ज्यांचे डाव मी पुस्तकं चाळून पाठ करायचो त्यांच्या पंक्तीतला.

घरी त्यांचं येणं-जाणं सुरू झालं. माझी बायको त्यांना "तुझे मास्तर" म्हणायची. एकदा जेवताना त्यांनी तो शब्द पकडला.

"म्हणजे मास्टरच ना?"

"नाही, मास्तर म्हणजे शाळेत शिकवणारा," ती म्हणाली. "छडीवाला."

"हे जास्त बरोबर आहे," ते म्हणाले. "पोट त्यावरच भरलं. बाकीची हौस."

त्यांच्या डोळ्यांचं आमच्या लक्षात आलं ते जेवणाच्या ताटामुळे. आमच्याकडे पाहुण्याला आजही रीतसर ताट वाढतात: भाजी, आमटी उजवीकडे, आणि डावीकडे चटणी, कोशिंबीर, लोणचं. मास्टर उजवी बाजू चाटूनपुसून खायचे आणि डावी बाजू जशीच्या तशी राहायची. बायकोला वाटलं तिखट लागत असेल. पुढच्या वेळी तिने काकडीची साखर घातलेली कोशिंबीर केली. तिलाही हात लागला नाही. तेव्हा पोळी वाढायच्या निमित्ताने तिने त्यांचं ताट अर्धं फिरवलं.

"अरे वा," मास्टर म्हणाले, "हे आता आणलंत?"

ती माझ्याकडे बघत राहिली. तिच्या वडिलांना काचबिंदू होता.

त्यांना घरी सोडताना मी गाडीत विचारलं. ते म्हणाले, "समोरचं मला तुझ्यापेक्षा स्वच्छ दिसतं. कडेचं अंधुक झालंय, डावीकडचं तर पूर्ण गेलंय. औषधाचे थेंब घालतो, आहे ते टिकावं म्हणून. लायसन्स मी स्वतःहून परत केलं."

"मग क्लबात सांगा ना. नियमात सोय आहे. हाताने चाचपता येईल असा खुंट्यांचा पट मिळतो, समोरच्याने खेळी तोंडाने सांगायची—"

"आणि मग सगळे माझ्याशी प्रेमाने वागतील." प्रेमाने हा शब्द त्यांनी एखाद्या आजाराचं नाव घ्यावं तसा उच्चारला. "म्हणतील, म्हातारा आहे, डोळे गेलेत, बसू दे पहिल्या पटावर. ज्या दिवशी मला तिथे कोणी दयेने बसवेल त्या दिवशी मी उठलेला असेन. तू कोणाला सांगायचं नाहीस."

मी शब्द दिला. आणि माझी अक्कल चालवून एक उपायही सुचवला. आपण दोघं खेळू तेव्हा मी माझी प्रत्येक खेळी हळू आवाजात सांगेन. लोकांना संशय नको म्हणून मराठीत. ते खूश झाले. त्यांना मोहऱ्यांची नावं आधीपासूनच आवडायची. त्यांच्या भाषेत उंटाला धावणारा म्हणतात आणि हत्तीला बुरूज. "तुमच्याकडे प्राणिसंग्रहालय आहे," ते म्हणायचे. एक ते आठ आकडे ते एका रविवारी शिकले. आठ तर पहिल्या फटक्यात जमला, त्यांच्या 'आख्ट'चा भाऊच तो. मी म्हणायचो, "घोडा, एफ तीन." ते बोटाने टेबलावर एक टिचकी मारायचे, म्हणजे समजलं. आधी मोहरा, मग त्याचं घर, मग टिचकी. इतरांशी खेळताना ते प्रत्येक खेळीनंतर मान डावीकडे वळवून पट पिंजून काढायचे, त्यात त्यांचा वेळ फार जायचा. माझ्याशी खेळताना मान वळवायचे नाहीत. गरजच नव्हती.

क्लबात आमची चेष्टा व्हायची. "यांचं हिंदी सुरू झालं," आमचा सेक्रेटरी म्हणायचा. हा निवृत्त प्लंबर, क्लबचा खरा मालक म्हणावा असा माणूस. मी दोन-तीनदा सांगितलं की हिंदी नाही, मराठी. मग सोडून दिलं.

अजिंक्यपदाच्या शेवटच्या फेरीत आमचा दोघांचा डाव आला. क्लबाचं अजिंक्यपद म्हणजे जगात कोणाला पडलेलं नाही, पण मला पडलं होतं. आदल्या रविवारी दादाशी व्हिडिओ कॉल झाला होता. लहानपणी तो मला स्वतःचा वजीर काढून ठेवून हरवायचा.

"काय रे, तुझ्या त्या स्विस माणसाला या जन्मात हरवणार का?"

"मास्टर आहेत ते, दादा."

"मग काय झालं? इतकी वर्षं गाडीतून फिरवतोयस, एखादा डाव तरी पाडून घे. का फक्त ड्रायव्हरच?"

आम्ही दोघंही हसलो. तो शब्द मात्र मी घेऊन गेलो.

डाव चर्चच्या हॉलमध्ये होता, जिथे आम्ही दर मंगळवारी संध्याकाळी जमतो. पांढरी माझ्याकडे होती. मी त्या दिवशी चांगला खेळलो, एवढं मला म्हणू द्या. डाव अर्ध्यावर गेला तेव्हा मी मागे नव्हतो, आणि मास्टरांच्या घड्याळात वेळ कमी उरला होता. बाकीचे डाव संपले होते. एकेक जण हातात चहाचा कप घेऊन आमच्या टेबलाभोवती येऊन उभा राहिला. सेक्रेटरी मास्टरांच्या अगदी खांद्याशी होता.

माझा एक उंट पटाच्या मध्यावर होता. मास्टरांनी प्यादं पुढे सारून त्याच्यावर मारा केला. त्याला हलवणं भाग होतं. कोणालाही सुचेल अशी जागा म्हणजे मागे, सी दोन. तिथून तो त्यांच्या राजाकडे रोखलेला राहिला असता. दुसरी जागा एच एक, पटाचा कोपरा. माझ्या उजव्या हाताला, म्हणजे त्यांच्या डाव्या.

मी उंट कोपऱ्यात नेला. नेला तेव्हा वाईट हेतू नव्हता, खेळी ठीकच होती. बोट उचललं, आणि तोंड उघडून म्हणालो, "उंट."

आणि थांबलो.

किती वेळ थांबलो सांगता येणार नाही. पुढचे दोन शब्द माझ्या जिभेवर होते. मास्टरांचं बोट टेबलाच्या वर होतं, टिचकी मारायला. ते वाट बघत होते. मला दिसत होतं की ते वाट बघतायत. मला हेही दिसत होतं की सगळे उभे आहेत, सेक्रेटरी खांद्याशी आहे, आणि अशा वेळी "कुठे?" असं ते विचारूच शकत नाहीत. मान वळवून कोपरा शोधला तरी इतक्या जवळून ते कोणाच्या तरी लक्षात आलं असतं. हे सगळं मला त्या क्षणी माहीत होतं. नंतर सुचलेलं नाही. मी घड्याळाचं बटण दाबलं.

त्यांनी टिचकी मारली नाही. समोर बघत राहिले. मग वजीर उचलला आणि पटाच्या मध्यावर आणून ठेवला, माझ्या उंटाच्या सरळ वाटेत. उंट सी दोनवर असता तर फार सुंदर खेळी होती ती. आजूबाजूच्या कोणीतरी श्वास ओढला. मी कोपऱ्यातला उंट उचलून वजीर मारला.

मास्टरांनी मान वळवून पाहिलं ते मारल्या गेलेल्या वजिराकडे नाही, उंट जिथून आला त्या कोपऱ्याकडे. मग राजा आडवा केला आणि हात पुढे केला. "छान," ते म्हणाले. टाळ्या वाजल्या. सेक्रेटरीने माझ्या पाठीवर थाप मारली. मी हसत होतो. हे लिहायला सगळ्यात जड जातंय: मला खरोखर आनंद झाला होता.

त्यांना घरी सोडायचं होतं अर्थातच मलाच. वाटेत ते माझ्या गाडीच्या टायरविषयी बोलले. फाटकाशी उतरताना म्हणाले, "भावाला फोन कर. वाट बघत असेल."

घरी बायकोने दार उघडलं, मी बातमी सांगितली, तिने आधी टाळी दिली आणि मग विचारलं, "खेळ्या सांगत होतास ना सगळ्या?"

"हो तर."

दादाने फोनवर माझं पूर्ण ऐकूनही घेतलं नाही. "तू? त्याला झोप लागली होती का रे?" आणि खदाखदा हसला. मीही हसलो. दहा मिनिटांत ग्रुपवर माझा फोटो होता.

पुढच्या आठवड्यात मास्टरांनी सेक्रेटरीला कळवलं की ते यापुढे संघातून खेळणार नाहीत. अजिंक्यपदाच्या समारंभाला येतील, क्लबचे अध्यक्ष या नात्याने चषकही देतील, पण खेळणं बंद. क्लबात हळहळ झाली. "वजीर असा फुकट घालवायला लागला म्हणजे संपलं," सेक्रेटरी मला म्हणाला. "त्याचं त्यालाच कळलं, बरं झालं. आपल्याला सांगावं लागलं नाही." मी मान हलवली. मास्टरांचा खेळ संपलेला नव्हता. इतकं कमी दिसत असूनही त्यांनी त्या सुंदर खेळीपर्यंत डाव आणला होता. हे त्या हॉलमध्ये फक्त मला माहीत होतं, आणि मी कॉफीत साखर ढवळत राहिलो.

मी बायकोला सांगितलं. ती कपड्यांच्या घड्या करत होती. घडी घालायची थांबली नाही.

"मला सांगून काय होणार? मला विचारलं होतं तेव्हा खोटं बोललास."

"हो."

"मग जा त्यांच्याकडे. आणि सॉरी म्हणून मोकळा होऊ नकोस. त्यांना परत खेळता येईल असं काहीतरी कर."

शनिवारी सकाळी गेलो. ते स्वयंपाकघरात बटाटे सोलत होते, सालं हाताने चाचपत. मी उभ्यानेच सगळं सांगितलं. घर मुद्दाम सांगितलं नाही. लोक उभे होते म्हणून तुम्ही विचारणार नाही हे मला माहीत होतं. मी क्लबात उभा राहून हे सांगतो, चषक परत करतो. तुम्ही खेळणं सोडू नका.

त्यांनी बटाटा पाण्यात टाकला.

"मी ऐकलं होतं. तू उंट म्हणालास आणि पुढे काही नाही. मला वाटलं घसा बसला असेल." दुसरा बटाटा घेतला. "मग वाटलं, नाही. याचा घसा बसलेला नाही."

"मग तुम्ही का—"

"कारण तो प्लंबर माझ्या मानेवर श्वास सोडत होता! मी विचारलं असतं तर सगळ्यांना कळलं असतं. तू हेच धरून चालला होतास ना? मग विचारतोस काय?" आवाज पहिल्यांदाच चढला होता. मी त्यांना कधीच चिडलेलं पाहिलं नव्हतं. "मान न हलवता मी सी दोन धरलं. जुगार खेळलो. आयुष्यात इतक्या स्पर्धा खेळलो, आणि अंदाजाने टाकलेली ती एकमेव खेळी."

"मी सांगतो क्लबात."

"काय सांगशील? की मला घर दिसत नव्हतं?"

मी खुर्ची ओढून बसलो.

"हे बघ. आज ते काय म्हणतात? म्हातारा थकला, हरला. ठीक आहे. हरणं माझ्या धंद्यातलं आहे, मी हजारदा हरलोय. तू तोंड उघडलंस की मी आंधळा, आणि तू बिचाऱ्या आंधळ्याला फसवणारा. मग मला खुंट्यांचा पट आणतील, कोणी हात धरून संडासापर्यंत नेईल. नको. तू मला हरवलंयस. सरळ, नीट. तसंच राहील."

"पण ते खरं नाही."

"तुझ्यासाठी नाही. ते तू बघ."

"निदान आपण दोघं घरी खेळू. रविवारी. मी सगळं—"

"तुझ्याशी?" ते म्हणाले. रागाने नाही. खरंच विचारल्यासारखं. मग चाकू खाली ठेवला. "मला प्रत्येक खेळीला मान वळवून बघावं लागेल. ते मला इतरांशीही करता येतं."

जाताना त्यांनी मला दारापर्यंत सोडलं. तो त्यांचा रिवाजच होता.

समारंभात त्यांनी माझं कौतुक केलं. डावाची सुरुवात मी कशी विचारपूर्वक केली होती, मधल्या भागात कुठे धीर धरला होता, हे सगळं न बघता, खेळीमागून खेळी सांगितलं. ते कौतुक खरं होतं, ते भागच माझे होते. मग ती जागा आली. "आणि इथे त्याने उंट कोपऱ्यात नेला," ते म्हणाले, "आणि मी ते पाहिलं नाही. यात त्याचा दोष नाही." लोक हसले. मास्टर काहीतरी नम्रपणाने बोलतायत असं सगळ्यांना वाटलं. मी चषक घेतला आणि सगळ्यांचे आभार मानले. आभारही इंग्रजीत, छापील.

आता पहिला पट माझ्याकडे आहे. सेक्रेटरीने विचारलंसुद्धा नाही, यादीत नाव वर सरकवलं. मी नाही म्हणू शकलो असतो. कारण विचारलं असतं तर काहीही सांगता आलं असतं, काम वाढलंय, तब्येत बरी नाही. नाही म्हणालो नाही.

मास्टर क्लबात येत नाहीत. बायको महिन्यातून एकदा डबा घेऊन त्यांच्याकडे जाते. मी गाडीत बसून राहतो. ती परत आली की मी विचारतो कसे आहेत, ती म्हणते बरे आहेत, आणि आम्ही निघतो. एकदा म्हणाली की ते रेडिओवर क्रिकेट ऐकतात आता, नियम तिला विचारतात. मी म्हणालो, मला माहीत आहेत नियम. तिने रिकामा डबा मागच्या सीटवर ठेवला.

गेल्या महिन्यात शेजारच्या गावच्या क्लबाशी सामना होता. पहिल्या पटावर माझ्यासमोर एक तरतरीत, पांढऱ्या दाढीचा गृहस्थ बसला. घड्याळ लावता लावता त्याने माझ्या नावाची चिठ्ठी वाचली आणि चेहरा उजळला. मास्टरांशी तो तरुणपणापासून कितीतरी वेळा खेळला होता म्हणे, एकदाही जिंकला नव्हता.

"म्हणजे त्यांना हरवणारे ते तुम्हीच?"

मी घड्याळाकडे बघितलं. तो उत्सुकतेने वाट बघत होता.

"हो," मी म्हणालो.